आयएसएसपीची विषमता-प्रश्नावली खान्देशात कितपत चालते?

विषमतेबद्दल लोकांना काय वाटतं हे मोजायला घरबसल्या नवे प्रश्न रचण्यापेक्षा आयएसएसपीची (इंटरनॅशनल सोशल सर्व्हे प्रोग्राम, अनेक देशांत तेच प्रश्न विचारणारी पाहणी) प्रश्नावली घेणं केव्हाही बरं. १९८७, १९९२, १९९९, २००९ आणि २०१९ अशा पाच फेऱ्यांत यातले बरेच प्रश्न अनेक देशांत विचारले गेलेत. जर्मनीच्या गेसिस या संशोधन संस्थेच्या डेटा-संग्रहात नाव नोंदवलं की प्रश्नावली, कोडबुक (कोणत्या उत्तराला कोणता आकडा दिलाय त्याची यादी) आणि कच्चा डेटा फुकट मिळतो. पण इंग्रजी मसुद्याचं शब्दशः मराठी करून शिरपूर-शहाद्याकडच्या गावांत गेलात, तर ती दोन जागी अडखळते.

पहिली जागा शिडीची. समाजात काही गट वर असतात, काही खाली. १० पायऱ्यांच्या शिडीवर तुम्ही कुठे? आता आपल्याकडे बोलण्यात 'समाज' म्हणजे जात किंवा जमात. लेवा समाज, गुजर समाज, पावरा समाज. ऐकणारा आपल्याच जाती-जमातीतली पायरी सांगून मोकळा होतो. आकडा देखणा येतो, अर्थ भलताच. म्हणून 'आपल्या देशात' असंच लिहा. गावातली पायरीही हवी असेल तर तो प्रश्न वेगळा, आणि देशाच्या नंतर.

दुसरी जागा कमाईची. डॉक्टर, मोठ्या कंपनीचा अध्यक्ष, दुकानातला नोकर, कारखान्यातला अकुशल कामगार आणि केंद्रीय मंत्री यांना किती मिळतात आणि किती मिळायला हवेत, हा या संचातला सगळ्यात कसदार प्रश्न. ही पाच नावं बदलू नका, नाहीतर इतर देशांशी तुलना गेली. सालदार (वर्षाच्या कराराने राबणारा शेतमजूर) जोडायचा तर यादीच्या शेवटी. मध्ये घातला तर त्याच्या आकड्याची सावली पुढच्या उत्तरांवर पडते. शिवाय सालदाराचा हिशेब आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी, निंदणीचा रोजावर, कापूस वेचणीचा किलोवर. रक्कम एका रकान्यात, एकक दुसऱ्यात घ्या. रोजाला सरळ ३० ने गुणू नका. महिन्यात काम किती दिवस मिळतं तेही विचारा. विश्लेषणात प्रत्येकाच्या उत्तरातून अध्यक्ष भागिले कामगार हे गुणोत्तर काढा आणि मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. सरासरी घेतलीत तर अध्यक्षाला कोटी रुपये मिळतात असं सांगणारे चार जणच सगळा निकाल ठरवतील.

समाजरचनेच्या पाच आकृत्या मात्र उत्तम. वर मूठभर आणि खाली गर्दी इथपासून वरच बहुतेक लोक इथपर्यंत. वाचता न येणाऱ्यालाही चटकन कळतात. मोबाइलवर दाखवू नका, उन्हात काही दिसत नाही. ए-४ कार्डावर जाड रेषांत छापा.

सहमतीचे प्रश्न पाच पर्यायांचे. सगळे एका दमात वाचून दाखवले की 'हो' येतो. आधी पटतं की नाही, मग किती, असं दोन टप्प्यांत विचारा. 'सांगता येत नाही' नोंदवा, पण वाचून दाखवू नका. उत्तर देणारा ज्याच्या शेतात राबतो तो मालक ओट्यावर बसलेला असेल तर मुलाखत पुढे ढकला.

डेटा फाइलमधला सापळा: 'पूर्ण सहमत'ला १ आणि 'पूर्ण असहमत'ला ५ असतो. म्हणजे सरासरी वाढली की पाठिंबा घटलेला असतो. आधी उलटवून घ्या (१ चा ५, ५ चा १). गहाळ उत्तरांचे कोडही फेरीनुसार तपासा.

स्वतःची पाहणी करणार असाल तर ६०० मुलाखतींवर फार भिस्त नको. एका गावात २० घेतल्या आणि गावातली उत्तरं थोडीशी जरी सारखी असली (एकाच गावातल्या उत्तरांमधला सहसंबंध ०.०५), तरी डिझाइन इफेक्ट, म्हणजे गावागावाने मुलाखती घेतल्यामुळे अनिश्चितता (व्हेरियन्स) किती पट वाढते तो आकडा, १ + (२० − १) × ०.०५ = १.९५ होतो. ६०० ची किंमत साधारण ३०८ मुलाखतींएवढी. गावं वाढवा, गावातल्या मुलाखती कमी करा. जळगाव, धुळे, नंदुरबारला प्रत्येकी २०० घेतल्या तर २०११ च्या लोकसंख्येनुसार भार (एका मुलाखतीला किती वजन द्यायचं तो आकडा) अनुक्रमे १.६०, ०.७८ आणि ०.६२ येतो. तो न लावता एकत्र टक्केवारी काढली तर नंदुरबारचा, म्हणजे सुमारे ६९ टक्के आदिवासी असलेल्या जिल्ह्याचा, आवाज वाट्यापेक्षा मोठा दिसेल.