हिंजवडीला न येणाऱ्या माणसासाठी हडपसरला घेतलेली सीट, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ही कोवर्किंगची (वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं भाड्याने टेबल घेऊन बसतात त्या जागेतली) सीट मी स्वतःसाठी घेतलेली नाही. माझ्या टीममधल्या एका सीनियर सॉफ्टवेअर टेस्टरसाठी घेतली, जो ऑफिसला यायला तयारच नव्हता, आणि एचआरला त्याला पत्र द्यायचं होतं आणि मला तो माणूस घालवायचा नव्हता. जागेचं नाव देत नाही कारण एका बिलावरून आमचं अजून वाजतंय. हडपसरला, सोलापूर रोडपासून आत, खाली बँक, वर तिसऱ्या मजल्यावर ही जागा, एवढं पुरे. सीट कशी आहे ते सांगतेच, पण का घेतली ते कळल्याशिवाय रिव्ह्यूचा काही उपयोग नाही.

आमचं ऑफिस हिंजवडी फेज २. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सुरू केलं आणि हळूहळू आमच्याकडेही वारं फिरलं, आधी दोन दिवस, मग तीन, मग हजेरीची टक्केवारी थेट माझ्या डॅशबोर्डवर लाल-हिरव्या रंगात. हा माझा टेस्टर पुण्याच्या दुसऱ्या टोकाचा, हडपसरचा, फ्लॅट २०२१ मध्ये घेतलेला, तेव्हा कोणाला वाटलं होतं परत हिंजवडी करावी लागेल म्हणून. त्याचा रंग कायम लाल.

मी काय केलं, तर सगळे करतात तेच. पॉलिसी पेस्ट करून मेल टाकला, एचआरला सीसी. उत्तर आलं, "नोटेड." पुढच्या आठवड्यापासून साहेब यायला लागले, साडेअकराला पंच, कॉफी, एक मीटिंग, तीनला गायब. याला हल्ली कॉफी बॅजिंग म्हणतात, आमच्याकडे पंच मारून पळणं. डॅशबोर्ड हिरवा झाला आणि रिलीजच्या (नवीन व्हर्जन बाहेर जायच्या) आधीच्या आठवड्यात त्याचे टेस्ट रिपोर्ट रात्री साडेअकराला यायला लागले, कारण दिवसाचे चार-साडेचार तास रस्त्यात. माझी हजेरी सुधारली आणि काम बोंबललं.

मग एकदा त्याला कॅन्टीनला घेऊन बसले, लॅपटॉप न घेता. म्हटलं, "अरे, पॉलिसी सोड, नक्की काय होतंय ते सांग." त्याने मोबाइलवर एक एक्सेल उघडली, तीन आठवड्यांची, निघालो किती वाजता, पोचलो किती वाजता, सगळं मिनिटासकट. टेस्टरच तो. म्हणाला, "मॅम, मी इथे येऊन काय करतो सांगू का, हेडफोन लावून चेन्नईवाल्यांशी बोलतो. आणि सीट पण माझी नाही, रोज ॲपवर शोधायची. गेल्या गुरुवारी पँट्रीसमोरची मिळाली, दिवसभर लोक माझ्या डोक्यामागे मायक्रोवेव्हमध्ये डबे फिरवत होते." मग जरा थांबून म्हणाला की घरीही फार भारी चाललंय असं नाही, मुलगी पहिलीत, दुपारी एकला घरी येते, आणि तो बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसतो.

इथे माझी ट्यूब पेटली. याचं ऑफिसशी वाकडं नाहीच, याचं रस्त्याशी वाकडं आहे.

तरी खात्री करावी म्हणून जुलैमध्ये एक रात्र बहिणीकडे मगरपट्ट्यात राहिले आणि सकाळी सात चाळीसची कंपनीची बस धरली. मी चिंचवडची, मला ट्रॅफिक म्हणजे वाकडचा पूल एवढंच माहीत. पाऊस होता. गणेशखिंड रोडला बस जी थांबली ती थांबलीच, शेजारच्या सीटवरच्या मुलीने तेवढ्यात टिफिनमधला पोहे-चहाचा कार्यक्रम पूर्ण उरकला. विद्यापीठ चौकातला जुना पूल २०२० मध्ये पाडला तेव्हापासून त्या पट्ट्याने लोकांचे किती तास खाल्ले देव जाणे. पोचले नऊ पंचावन्नला. सव्वादोन तास, एका बाजूने. कोणीतरी म्हणेलच की हिंजवडीची ती माण-शिवाजीनगर मेट्रो, २३ किलोमीटरची, तिचं काय. ती शिवाजीनगरपर्यंतच. हडपसरवाल्याने आधी शिवाजीनगर गाठायचं, त्यातच अर्धी सकाळ.

डायरेक्टरांना पटवायला वेळ लागला. २०२४ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला एक अभ्यास दाखवला, चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या ट्रॅव्हल कंपनीच्या १,६१२ लोकांवरचा, त्यात दोन दिवस घरून काम करणाऱ्यांचं नोकरी सोडणं एक तृतीयांशाने कमी झालं आणि कामावर फरक पडला नाही. ते म्हणाले, "ते चीन आहे." मग मी अभ्यास बाजूला ठेवला आणि हिशोब काढला. हा गेला तर नोटीस पिरियड तीन महिने, त्याच्या जागी नवा माणूस शोधायचा, मग त्याला इन्शुरन्स क्लेमचं डोमेन शिकवायचं, आणि तोवर रिलीज कोण बघणार, तुम्ही? सीटचा खर्च महिन्याला ७,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,८५०. सही झाली.

आता जागेबद्दल.

डेडिकेटेड डेस्क आहे, म्हणजे टेबल, खुर्ची, कुलपाचा ड्रॉवर, रोज तीच जागा. खुर्ची खरंच चांगली, पाठीला आधार आहे, आमच्या ऑफिसपेक्षा उजवी. मी बघायला गेले तेव्हा त्याने टेबलावर स्वतःचा स्टीलचा थर्मास, मुलीने काढलेलं मांजर (की वाघ, मी विचारलं नाही) आणि आपला मॉनिटर मांडला होता. हा तोच माणूस जो हिंजवडीत जॅकेटसुद्धा काढायचा नाही. आठवड्यातले चार दिवस नऊला हजर, घरून स्कूटरवर बारा मिनिटं. टू-व्हीलर पार्किंग फुकट, कारला पैसे.

इंटरनेट दोन कंपन्यांचं, एक बंद पडलं की दुसरं चालू, सहा महिन्यांत एकदाच अर्धा तास गेलं. पण वायफायचा पासवर्ड रिसेप्शनच्या पांढऱ्या बोर्डवर लिहिलेला! आमच्या इन्फोसेकच्या, म्हणजे डेटाची सुरक्षा बघणाऱ्या माणसाने त्याचा फोटो बघितला आणि दोन दिवस माझे फोन उचलले नाहीत. शेवटी ५०० रुपये एकदाच भरून टेबलापर्यंत वेगळी लॅन केबल ओढून घेतली, स्क्रीनला प्रायव्हसी फिल्टर लावला, आणि क्लायंटकडून त्या पत्त्याची लेखी परवानगी घेतली. यात पाच आठवडे गेले. तुमच्याकडे क्लायंटचा डेटा असेल तर डिपॉझिट भरायच्या आधी हे करा, आम्ही नंतर केलं आणि सव्वा महिन्याचं भाडं रिकाम्या खुर्चीचं भरलं.

फोन बूथ म्हणजे उभं कपाट. आत पंखा नाही, एप्रिलमध्ये वीस मिनिटांच्या कॉलनंतर माणूस इडलीसारखा बाहेर येतो. आवाजही नीट अडत नाही, शेजारचा एक लोनवाला रोज कोणालातरी "सर फक्त दोन मिनिटं" म्हणतो ते आमच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, सगळ्यांना पाठ झालंय. लाइट गेली तर बॅकअप आहे पण एसी त्यावर नाही. चहाचं मशीन आहे, त्याबद्दल न बोललेलं बरं, खाली टपरी आहे.

भांडण झालं ते मीटिंग रूमवरून. महिन्याला चार तास फुकट, पुढे तासाला ३५०. एक तास दहा मिनिटं बसलं की दोन तास धरतात, हे ॲग्रीमेंटमध्ये कुठेही नाही. आमचे असे चार तास जास्तीचे लावले, जीएसटी धरून १,६५२ रुपये. मॅनेजर म्हणतो सिस्टिमच तसं काढते. मी म्हटलं मग सिस्टिमला माझ्याशी बोलायला सांगा.

पण खरं सांगू, जागा कितीही चांगली असली तरी तिने माझं अर्धंच काम केलं. माझ्या टीममध्ये दोन फ्रेशर आहेत, त्यांना लॉग (सॉफ्टवेअरने केलेली नोंद) कसा वाचायचा हे टीम्सच्या व्हिडिओ कॉलवर शिकवून येत नाही, शेजारी बसून या टेस्टरच्या बोटाकडे बघावं लागतं. म्हणून ठरवलं, मंगळवारी सगळी टीम हिंजवडीत, अकरा ते पाच, त्या दिवशी चेन्नईचा एकही कॉल नाही आणि टीमच्या सीट एकत्र, आठवडाभर आधी मी बुक करणार. कॉल नको ही अट त्याची होती, आणि शंभर टक्के बरोबर होती. मंगळवारी तो साडेदहाला येतो, पाचनंतर निघतो, आणि आता पंच मारून पळत नाही. परवा फ्रेशर मुलीने एकटीने एक बग शोधला, क्लेमची तारीख लीप वर्षात घसरत होती, तर हा तिच्यापेक्षा जास्त खूश.

न सुटलेली गोष्टही सांगते. पहिल्याच महिन्यात टीममधला तळेगाववाला आला, "मॅम, मला पण सीट." मग वाघोलीवाली. दोघांचंही चुकीचं नाही. तळेगाववाल्याला नाही म्हटलं कारण त्याचा अनुभव आत्ता दीडच वर्षाचा आहे आणि त्याने शेजारी बसून शिकायला हवं, वाघोलीवालीचं अजून अडकलंय कारण बजेट एकाच सीटचं आहे. ती माझ्याशी गेले तीन आठवडे फक्त कामापुरतं बोलते. हे कुठल्याच कोवर्किंगच्या ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं.

साडेतीन स्टार. एक बिलाचा कापला, अर्धा त्या कपाटाचा. अजून सहा महिने रिन्यू केलंय. घेणार असाल तर खिडकीकडची रांग मागा, लिफ्टजवळची घेऊ नका, दार उघडलं की दर वेळी "कृपया दरवाजा बंद करा" ऐकू येतं आणि ते कॉलवर आमच्या क्लायंटलाही पाठ झालंय.