पाहुण्यांना घर भाड्याने: लंडन की न्यूयॉर्क?

लंडनमध्ये हिशेब रात्रींचा. वर्षाला 90 रात्रींपर्यंत अख्खं घर पर्यटकांना दिलं तरी घराचा वापर बदलण्यासाठीची वेगळी नियोजन परवानगी (प्लॅनिंग परमिशन) लागत नाही. 2015च्या कायद्याने दिलेली ही मोकळीक. किल्ली पाहुण्याच्या हातात ठेवून तुम्ही खुशाल गावाला जा. एक्क्याण्णवाव्या रात्रीसाठी मात्र कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, पायरी चढा.

न्यूयॉर्कमध्ये मोजतात ती माणसं. मुक्काम 30 दिवसांहून कमी असेल तर यजमानानेही त्याच घरात राहायचं, पाहुणे दोनच, आतल्या दारांना कुलूप नाही. स्वयंपाकघरात सकाळी चहाला तुम्ही आणि अनोळखी पाहुणे समोरासमोर! शिवाय सप्टेंबर 2023पासून शहराकडचा नोंदणी क्रमांक नसेल तर एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्याच्या संकेतस्थळावर असं बुकिंगच होत नाही. सुट्टीत घर रिकामं पडणाऱ्याला माझ्या मते लंडनच सोयीचं.