घरगुती चक्की: रोज भाकरी होणाऱ्या घरासाठी

एक अश्वशक्तीची घरगुती आटाचक्की साधारण 15 ते 25 हजारांत मिळते. घरात फक्त गव्हाच्या पोळ्याच होत असतील तर हे पैसे घालू नका. गव्हाचं पीठ डब्यात नीट टिकतं आणि पोळीसाठी गिरणीतलं दगडावर दळलेलं पीठच सरस. पण ज्वारी, बाजरी, नाचणी आलटूनपालटून रोजच्या ताटात यावी असं वाटत असेल, तर या यंत्रासारखी दुसरी सोय नाही.

कारण पिठाच्या टिकण्यात आहे. बाजरीत 100 ग्रॅममागे सुमारे 5 ग्रॅम स्निग्धांश असतो. दाणा फुटला की त्याच्यातलंच विकर (एन्झाइम) या स्निग्धांशावर काम करू लागतं, आणि आठवडाभरात, उन्हाळ्यात त्याच्याही आधी, पीठ कडवट लागतं. ज्वारीचं पीठ तितकं कडू होत नाही, पण जुनं झालं की विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो. भाकरी थापताना काठाला चिरा पडतात, उचलताना ती मोडते, आणि दोनचार वेळा असं झालं की घर निमूटपणे पोळीवर परत येतं. यात हाताचा दोष कमी, पिठाचा जास्त. गिरणीत किलोभर बाजरी दर आठवड्याला नेणं कुणाला जमत नाही, आणि एवढंसं दळण टाकलं की त्यात आधीच्या गिऱ्हाईकाचं पीठ मिसळतंच. घरच्या चक्कीत अर्धा किलोसुद्धा दळता येतं. तिची खरी किंमत इथे वसूल होते.

किती दळायचं याचा हिशेब करून ठेवावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरींच्या दिवसाच्या आहारासाठी 250 ग्रॅम तृणधान्यं, 85 ग्रॅम कडधान्यं-डाळी, 400 ग्रॅम भाज्या आणि 300 मिलिलिटर दूध किंवा दही असं प्रमाण दिलं आहे. भात, पोहे, रवा सगळं त्या 250 ग्रॅमच्या आतच. म्हणजे चार मोठ्या माणसांच्या घरात आठवड्याला 7 किलो धान्य, आणि त्यातलं निम्मं पिठाच्या रूपात धरलं तर साडेतीन किलो. एवढ्या दळणाला अर्धा-पाऊण तास आणि जेमतेम एक युनिट वीज लागते. चक्की आली म्हणून भाकऱ्या चारावर गेल्या आणि भाजी दोन चमचेच राहिली, तर ताट काही सुधारलं नाही.

या यंत्रात जातं नसतं. फिरणारी स्टीलची पाती दाण्याला ठोकत राहतात आणि जाळीतून जाण्याइतका तो बारीक झाला की खाली पडतो. बरोबर सहा-आठ जाळ्या येतात. बहुतेक कंपन्यांत 0 क्रमांकाची सर्वांत बारीक असते, तरी पुस्तिका पाहून खात्री करा. ज्वारीला सर्वांत बारीक जाळीच लावा; ताज्या पिठाच्या भाकरीलाही चिरा पडल्या तर आधी जाळी तपासा, मग पीठ भिजवताना उकळत्या पाण्याचा चटका वाढवा. बाजरीला मात्र एक क्रमांक जाड घ्या. बारीक जाळीत ती जास्त वेळ ठोकली जाते, तापते, आणि तेलकट पीठ भोकांत बसतं. गव्हाचं पीठ दगडावरच्या पिठापेक्षा किंचित कणीदार येतं, म्हणून कणीक अर्धा तास तरी भिजू द्यावी. चाळायचं झालं तर जाड चाळणीने. मैद्याच्या चाळणीने कोंडा काढून टाकायचा असेल तर घरी दळण्यात अर्थ नाही.

अडकण्याच्या तक्रारी बहुतेक ओलाव्याच्या असतात. धुतलेली नाचणी वरून कोरडी दिसते, पण दाताखाली कडकन फुटली नाही तर ती अजून ओलीच आहे. आणखी एक दिवस वाळवा. नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, त्यामुळे हा खटाटोप जरूर करावा. तीळ, जवस, शेंगदाणे एकटे कधीच टाकू नका. तेलाने जाळी लिंपून जाते. ते मिक्सरचं काम. ज्वारी-बाजरीत खडे असतात, म्हणून निवडल्याशिवाय एक मूठही वर ओतायची नाही. दळण चालू असताना वीज गेली तर धान्याची झडप बंद करा, आतलं अडकलेलं काढा आणि मगच पुन्हा सुरू करा. भरल्या पोटी मोटर उचलत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते.

भाजणीसाठी मात्र ही चक्की उत्तम. ज्वारी आणि बाजरी 500 ग्रॅम प्रत्येकी, तांदूळ आणि गहू 250 ग्रॅम प्रत्येकी, हरभरा डाळ आणि अख्खे उडीद 250 ग्रॅम प्रत्येकी, धने 100 ग्रॅम, जिरे 25 ग्रॅम. धान्याला डाळीची तिसऱ्या हिश्शाइतकी जोड मिळाली की धान्यात कमी असलेलं लायसिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) डाळ भरून काढते. सगळं वेगवेगळं भाजा, पूर्ण गार करा, जरा जाड जाळीने दळा. कोमट भाजणी टाकली तर वाफ धरते आणि पिठाच्या गुठळ्या होतात. दळलेलं कुठलंही पीठ तासभर ताटात पसरून मगच डब्यात भरावं.

कंटाळा येतो तो सफाईचा. दळण संपल्यावर चक्की मिनिटभर रिकामी फिरवायची, बंद करून प्लग काढायचा, जाळी काढून कोरड्या ब्रशने झाडायची, पाण्याचा थेंब लावायचा नाही. कोपऱ्यात राहिलेल्या पिठाला कीड लागते. उपवासाचा राजगिरा किंवा वरई दळायची असेल तर हे आधी करावंच लागतं. घरात कुणाला गव्हातलं ग्लुटेन चालत नसेल तर झाडून भागणार नाही. त्या चक्कीत गहू अजिबात दळू नये.

आवाज मिक्सरइतका होतो, दुपारच्या झोपेच्या वेळी शेजाऱ्यांना नको वाटेल. दाराची रबरी पट्टी सैल असेल तर बारीक पीठ बाहेर उडतं. म्हणून घेताना दुकानातच एक किलो ज्वारी दळून बघा, दाराच्या कडेला हात फिरवा, दार उघडल्यावर मोटर आपोआप थांबते का ते पाहा आणि जादा जाळ्या व पाती तुमच्या गावात मिळतात का ते विचारा. जोडणी 16 अँपिअरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच करायची.