सुती पँटींचा संच: कापड उत्तम, माप फसवे
95 टक्के सूत आणि 5 टक्के इलास्टेन (ताणला जाणारा कृत्रिम धागा) असलेला, स्त्रियांनी आतून घालायच्या तीन पँटींचा हा संच मी सहा महिने नियमित वापरला असून कापडाबाबत माझी काहीही तक्रार नाही. दोन्ही पायांच्या मधल्या भागाला आतून लावलेले अस्तर पूर्ण सुती असल्याने तिथे ओल साचून राहत नाही. उबदार ओलसरपणात कॅन्डिडासारख्या बुरशीचा संसर्ग बळावू शकतो, म्हणून बाकीचे कापड कोणतेही असले तरी हे अस्तर सुतीच असावे, असे माझे मत आहे.

माप मात्र फसवे निघाले. वेष्टनावर केवळ कमरेचा घेर दिलेला होता, पण पँटी नीट बसते की नाही हे नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर ठरते. तो घेर न मोजता घेतलेला पहिला संच जांघेत रुतला आणि संध्याकाळपर्यंत लाल वळ उमटले. एक माप मोठे घेतल्यावर उठता-बसतानाही कापड जागचे हलले नाही.

इलास्टिक कापडात गुंडाळून शिवलेले आहे, ही मोठी सोय. मागचे टोचणारे लेबल मात्र मला उसवावेच लागले (ते कापडावर छापता आले असते). सौम्य साबणाने धुऊन उन्हात वाळवत आल्यावरही शिवण शाबूत आहे, काळा रंग तेवढा विटला.