घोळीची जुडी: बाजारातून विकत घ्यावी असे तण

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावच्या आठवडी बाजारात एका महिला बचत गटाच्या दुकानातून मी या पावसाळ्यात सात-आठ वेळा घोळीची भाजी घेतली. जुडी दहा रुपयांना मिळते. निंदणात उपटून धुऱ्यावर फेकली जाणारी घोळ विकत कशाला घ्यायची, असे घरी विचारले गेले. कपाशीच्या वावरात आता निंदणाऐवजी तणनाशक फवारले जाते, त्यामुळे धुऱ्यावरून दिसेल ती घोळ खुडून आणण्याची हिंमत मला होत नाही. या दुकानातील ताई मात्र भाजी कोणत्या वाडीतली आहे हे न विचारता सांगतात, आणि ती वाडी मी स्वतः पाहिली आहे. तेथे वांग्या-मिरच्यांच्या ओळींमध्ये उगवलेली घोळ हातानेच खुडली जाते.

देठ लालसर व रसदार, पाने मांसल आणि चवीला आंबूस. पाण्याचा ताण पडला की ही वनस्पती रात्री कर्बवायू घेऊन तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते, म्हणून पहाटे खुडलेली घोळ दुपारच्या घोळीपेक्षा आंबट लागते. मुगाची डाळ घालून, लसणाच्या फोडणीची ही भाजी ज्वारीच्या भाकरीसोबत फार छान लागते. शंभर ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे 21 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 68 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, शिवाय पालेभाज्यांत क्वचितच एवढ्या प्रमाणात आढळणारे ओमेगा-3 प्रकारातील अल्फा-लिनोलेनिक आम्लही असते.

दुकानावरच्या फलकाविषयी मात्र माझी तक्रार आहे. मूळव्याध आणि मधुमेह ‘बरा होतो’ असे त्यावर लिहिले आहे. आयुर्वेदात लोणिका या नावाने घोळ ओळखली जाते, घामोळ्यांवर तिचा ठेचलेला पाला लावण्याची रीत आमच्या घरीही आहे, पण तेवढ्यावरून कोणी चालू औषध बंद करू नये. उलट, घोळीत ऑक्झलेट भरपूर असल्याने मुतखडा झालेल्यांनी ती टाळावी, हे फलकावर ठळकपणे लिहायला हवे होते. इतरांनीही सोबत दही किंवा ताक घ्यावे, कारण त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते.

एकदा जुडीत दुधीचे तण मिसळलेले निघाले. तेही घोळीसारखेच जमिनीलगत पसरते, पण देठ मोडला की पांढरा चीक येतो, आणि घोळीत तसा चीक नसतो. मी हे दाखवल्यावर ताईंनी ती जुडी बदलून दिली आणि पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक जुडी गिऱ्हाइकासमोर सोडून निवडायला सुरुवात केली. माती मात्र अजूनही बरीच असते, तीन पाण्यांनी धुवावी लागते.