१९४४ ची फोर्ड जीप म्हणून मला काय विकलं – जुन्या जीप घेणाऱ्यांनी टोकन द्यायच्या आधी वाचा

विलीज, फोर्ड, जोंगा, डिस्पोजलची म्हणजे लष्करानं लिलावात काढलेली जिप्सी यातलं काही घ्यायचा विचार असेल तर हे पूर्ण वाचा. लांबलंय, पण तोडत नाही, कारण ज्या माणसानं मला ५ लाख ८० हजारांना बुडवलं तो सरसकट खोटं कधी बोललाच नाही. प्रत्येक वाक्यात अर्धं खरं असायचं आणि ते अर्धं तुम्ही कुठंही तपासलंत तरी बरोबरच निघतं. माणूस तिथंच अडकतो.

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं वेड काय आहे ते सांगायला नको, दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा सोनं लुटायच्या आधी निम्मं पब्लिक त्या गाडीकडंच बघत असतंय. आणि जीप तर घरातलीच. वडापच्या जीपला लोंबकळत कॉलेज केलेली आमची पिढी, वडिलांकडं महिंद्राची सीजे-३बी होती, तिच्या बॉनेटखाली हात काळे करतच मी मोठा झालो. युद्धातली खरी जीप दारात असावी हे कॉलेजपासून डोक्यात होतं, त्यासाठी पैसे साठवत होतो.

जाहिरात होती '१९४४ फोर्ड जीपीडब्ल्यू, आर्मी डिस्पोजल, एकाच घरातली, पेपर क्लिअर', किंमत ९ लाख. गाडी कागलच्या पुढं एका शेडमध्ये. माणूस बोलायला एकदम गोड, पहिल्या पाच मिनिटांत मला दादा म्हणायला लागला. म्हणाला आजोबा सुभेदार होते, लढाई संपल्यावर लिलावात त्यांनी घेतली. आता आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, कितीतरी घरांत भिंतीवर वर्दीतला फोटो असतो, आजोबा सुभेदार म्हटल्यावर कोण शंका घेणार. आणि इतिहास खराच आहे. १९४१ ते १९४५ मध्ये विलीज आणि फोर्ड दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा काढल्या, एकच डिझाइन, विलीजची ती एमबी आणि फोर्डची ती जीपीडब्ल्यू, त्यातल्या भरपूर हिंदुस्थानात आल्या आणि युद्धानंतर इथंच विकल्या गेल्या. एवढं सगळं खरं. त्याची गाडी त्यातली होती हे तेवढं खरं नव्हतं.

गाडी मी नीट बघितली. ग्रिलला नऊ खाचा होत्या, सीजेला म्हणजे युद्धानंतरच्या सिव्हिल जीपला सात असतात. हेडलाइट बिजागरीवर होते, नट सैल केला की दिवा उलटा फिरवून इंजिनवर उजेड पाडता येतो, ही युद्धातल्या जीपची खास सोय, तीही त्यानं स्वतः करून दाखवली. पेट्रोलची टाकी ड्रायव्हर सीटखाली, मागं फाळका नाही, स्पेअर व्हील मागच्या पत्र्यावर. इंजिन एल-हेड, म्हणजे हेड सपाट आणि प्लग वरून बसवलेले. आमच्या ३बीचं एफ-हेड इंजिन उंच, वर टॅपेट कव्हर, त्याच्यासाठीच त्या गाडीचं बॉनेट उंच केलेलं. इथं तसलं काही नव्हतं. बॉडीचा पत्रा नवा होता पण ते त्यानं लपवलं नाही, म्हणाला टब म्हणजे बॉडीचा सांगाडा गंजला होता, फिलिपिन्सला असले नवे टब बनतात तिथला आणलाय. असे टब तिथं बनतात हेही खरंच आहे.

मग कागद. जुनं हातानं लिहिलेलं आरसी बुक, तीन अक्षरी जुना नंबर. मी ॲपवर नंबर टाकला तर रेकॉर्डच येईना. तो शांतपणे म्हणाला, दादा जुन्या गाड्यांची बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या रजिस्टरची कॉम्प्युटरवर नोंद, झालेली नसते, आरटीओत जाऊन करून घ्यावी लागते. बरोबर, तसंच असतं. मी म्हटलं मग आरसी पर्टिक्युलर्स, म्हणजे आरटीओच्या रेकॉर्डचा उतारा काढूया, तर पुढच्या भेटीत शिक्का मारलेला कागदच हातात दिला. आरसी वारलेल्या माणसाच्या नावावर, तर फॉर्म ३१ भरून वारसाचं नाव लावतो आणि मग २९, ३० वर तुमच्या नावावर करतो म्हणाला. फॉर्म बरोबर, पद्धतही बरोबर. आणि शेवटी सगळ्यात मोठं गाजर म्हणजे व्हिंटेज नंबर. २०२१ च्या जुलैत केंद्रानं नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्याला न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, १० वर्षांची मुदत असते. त्यानं मला नियमाची प्रिंट आणून दिली आणि या कामाचे वेगळे ६० हजार सांगितले. सरकारी फी आहे २० हजार. आणि त्याच नियमात लिहिलंय की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यात मोठा फेरफार झालेला चालत नाही. ते पान प्रिंटमध्ये नव्हतं.

सौदा सव्वासातला ठरला. टोकन, मग बँकेतून ट्रान्सफर, थोडे रोख, व्हीएचे ६० हजार धरून ५ लाख ८० हजार गेले, बाकी नावावर झाल्यावर द्यायचे. नोटरी केली, गाडी घरी आली. गल्लीत पोरं जमली, आईनं ओवाळलं.

ब्रेकचं काम करायला गाडी उद्यमनगरला नेली. आमचे मिस्त्री वयस्कर, जीपवरच आयुष्य गेलेलं, बोलतात कमी. त्यांनी पुढचं चाक काढलं, खाली वाकून बघितलं आणि बॅटरी मागितली. जीपीडब्ल्यूचा नंबर चासीच्या डाव्या चॅनेलवर (लांब दांड्यावर) वरच्या अंगाला पुढच्या भागात मारलेला असतो, तसा तिथं होता, मी बघितलाच होता, ठळक होता, फोटोही काढला होता. मिस्त्रींनी थिनरचा बोळा फिरवला, हिरवा रंग गेला. त्याच्याखाली लांबी म्हणजे पुट्टी भरलेली. चासीच्या लोखंडावर लांबी कशाला पाहिजे? वायर ब्रश मारला तसा नंबरच्या चारी बाजूंनी चौकोन दिसायला लागला, बारीक वेल्डिंगची रेघ, वरून ग्राइंडर फिरवून सपाट केलेली. आकडेही जवळून बघितल्यावर कमीजास्त खोल, शेवटचे दोन तर जरा वाकडे, हातानं पंच मारलेले. मिस्त्री म्हणाले, "दादा, ह्यो नंबर हितला नव्हं. बाहेरनं आणून बसवलाय."

मग त्यांनी बंपरमागची पट्टी काढली. विंचची प्लेट म्हणून एक जाड पत्रा बोल्ट केलेला होता, तो निघाल्यावर पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे चासीच्या दोन बाजू जोडणारा आडवा दांडा, उघडा पडला. फोर्डच्या चासीला तो उलट्या यू आकाराचा असतो, विलीजच्या एमबीला गोल पाइपचा. नंबर जीपीडब्ल्यू आणि खाली गोल पाइप! फोर्ड आपल्या बोल्टांवर, ब्रॅकेटांवर 'एफ' अक्षर उठवायची, तसे चार-सहा बोल्ट वर जिथं नजर जाते तिथं बरोबर लावलेले, खाली शोधून एक सापडला नाही. चासी मधोमध दोन तुकडे जोडून केलेली. इंजिन एल-हेडच, पण सीजे-३ए चं. जे दिसतं ते सगळं त्यानं अभ्यास करून बरोबर बसवलं होतं आणि जे वाकून, रंग काढून बघावं लागतं तिथंच खोटेपणा होता. ज्या माणसाला एवढी माहिती आहे त्यानं ती अशी वापरावी याचा मला पैशापेक्षा जास्त संताप येतो. अशी एक गाडी उभी करायला दोन-तीन जुन्या जीपा कापल्या जातात, आणि त्या पुन्हा बनणार नाहीत.

आरटीओत मूळ रजिस्टर निघालं तेव्हा उरलेलं समजलं. त्या नंबरची गाडी रजिस्टरला आहे, पण महिंद्राची जीप, साल १९७४. आरसी बुकात सातचा चार केलेला. साध्या उजेडात काही दिसत नाही, पण पानामागं मोबाइलची बॅटरी धरली की त्या जागी कागद घासून पातळ झालेला दिसतो, कंपनीच्या नावाच्या जागीही तसंच. चासी नंबर अर्थातच जुळत नाही. आणि मला दाखवलेला पर्टिक्युलर्सचा कागद त्या ऑफिसातून निघालेलाच नाही.

मूळ मालक गडहिंग्लज भागातले शेतकरी, सुभेदार वगैरे कुणी नाही, वारलेत, त्यांच्या मुलाशी बोललो. साधा माणूस बिचारा. जीप गोठ्यामागं सडत होती, भंगारवाल्याला दिली, त्यानं आरसी बुक मागितलं म्हणून तेही दिलं, त्याला वाटलं कायद्याचं असेल काही. तर ज्यांच्या दारात जुनी जीप पडून आहे त्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, भंगारवाल्याला लोखंड हवं असतं, आरसी बुक मागत असेल तर ते पुढं विकायला मागतोय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं गाडी मोडीत निघाली की मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. ती झाली नाही की गाडी वितळून गेली तरी नंबर जिवंतच राहतो, आणि मग तो कुठल्याही लोखंडावर बसतो. चालू गाडी विकतानाही कोऱ्या २९, ३० वर सह्या करून देऊ नका, एजंट म्हणतात नंतर भरतो. रेकॉर्डला नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय.

मी आता कुणी विचारलं तर सांगतो, पहिल्या दिवशी इंजिनचा आवाज ऐकू नका, ग्रिल मोजू नका, ते सगळं त्यांना माहीत असतंय. मिस्त्रीला घेऊन जा आणि चासी नंबरच्या जागेचा रंग थिनरनं काढू द्या म्हणा, खरी गाडी असेल तर मालक हसत काढू देतो, नाही म्हणाला की तिथून निघायचं. नंबरची पेन्सिलनं कागदावर छाप घ्या. पर्टिक्युलर्स स्वतः काउंटरवर पावती फाडून काढा, निपाणी-बेळगावकडची केए पासिंग असेल तर बी एक्स्ट्रॅक्ट (कर्नाटकातला तसाच उतारा), पण विकणाऱ्यानं आणून दिलेला कागद धरू नका, कितीही शिक्के असू देत. मालक वारलेला असेल तर आधी वारसाचं नाव लागू दे, मग पैसे.

आर्मी डिस्पोजल म्हणून सांगितलं तर अजून एक कागद मागा. लष्कराची गाडी लिलावात निघाली की नोंदणीसाठी फॉर्म २१ मधलं सेल सर्टिफिकेट लागतं, ते लष्कराकडूनच मिळतं, ओरिजिनल लागतं, झेरॉक्स नाही. जोंगा घेणाऱ्यांनी तर हे बघायलाच पाहिजे. जबलपूरच्या फॅक्टरीत लष्करासाठी बनलेली गाडी ती, निसानच्या 'पेट्रोल' (Patrol) मॉडेलवर बेतलेली, चार लिटरच्या आसपासचं सहा सिलिंडर इंजिन, धोनीनं घेतल्यापासून तर सगळ्यांनाच पाहिजे झालीय, त्यामुळं तिच्यामागं हा कागद नसेल तर पुढं नावावर कशी होणार?

जिप्सीचा प्रकार वेगळा, तो फोनवर चालतो. इचलकरंजीच्या मित्राला आलेला अनुभव. २०१९ ला जिप्सी सिव्हिलला बंद झाली तसे भाव चढले, आणि यानं स्वस्तातली जाहिरात बघितली. समोरचा म्हणे जवान, बदली झालीय, आयकार्ड पाठवलं, कँटीन कार्ड पाठवलं, वर्दीतला फोटो. गाडी आर्मीच्या ट्रकनं घरपोच येईल, फक्त गेटपासचे ५,१०० टाका, गाडी मिळाली की परत. मग इन्शुरन्सचे, मग पावती चुकली म्हणून अजून. मित्र तिसऱ्या मागणीला थांबला. जवानाची स्वतःची गाडी असेल तर तिला आपल्यासारखीच आरसी असते आणि लष्कराची गाडी असेल तर ती त्याची नसते, तो विकूच शकत नाही, ती लिलावातच जाते. असे पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पैसे खात्यात अडकवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

माझ्या केसमध्ये तक्रार दिलीय, फसवणुकीचं जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, सोबत बनावट कागदाचंही. ट्रान्सफरची नोंद, चॅटिंग, नोटरी, मिस्त्रींनी रंग काढताना घेतलेला व्हिडिओ सगळं जोडलंय. रोख दिलेले सिद्ध करणं अवघड जाणार असं वकील म्हणाले. जीप जशी उघडली तशीच शेडमध्ये ठेवलीय, एक नट फिरवू देत नाही, तो पुरावा आहे. शेतकऱ्याच्या मुलानंही जबाब द्यायची तयारी दाखवलीय, त्याचे उपकार आहेत.

त्या माणसाचा फोन बंद आहे, पण जाहिरात पुन्हा आलीय, दुसऱ्या नावानं, यावेळी '१९४३ विलीज एमबी'. शेड तीच दिसते, मागं निळा पत्रा आणि उजव्या कोपऱ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली. एमबीचा नंबर चासीवर कोरलेला नसतो, डाव्या चॅनेलच्या आतल्या अंगाला बंपरच्या लगेच मागं रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. त्या गाडीपाशी जाणार असाल तर त्या रिव्हेटांचा जवळून फोटो काढा आणि पैसे द्यायच्या आधी मला पाठवा, कोल्हापुरात असाल तर मिस्त्रींना घेऊन मी स्वतः सोबत येतो.