जुन्या सांगलीची पाच चित्रं: पेवाचं घ्या, वाड्याचं राहू द्या

आधीच सांगतो, पाचांचा संच घेऊ नका, सुटी घ्या. संच साडेतीन हजाराला पडतो, सुटं चित्र साडेआठशेला. हिशेबानं संच स्वस्त, पण त्यातली दोन तुम्ही भिंतीला लावणार नाही आणि तिसरं गेलेल्या सांगलीत कसं काय आलं म्हणून डोकं खाजवाल.

चित्रं काढलीत आर्किटेक्चर झालेल्या दोघांनी, एक मुलगा, एक मुलगी. नाट्यगृहाबाहेर टेबल मांडून बसली होती. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, बिनचमकीचा, हाताला जरा खरखरीत लागतो. शाईही चांगली आहे. ओलं बोट फिरवून बघितलं, पसरली नाही. (पोरगी माझ्याकडं बघत होती, पण काही बोलली नाही.)

माझा उभा जन्म गणपती पेठेत हळदीच्या अडतीत गेला, त्यामुळं पहिलं हात घातला तो सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवाला, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्याला. संचात हे एक नंबर. कारण ते नुसतं चित्र नाही, उभा छेद आहे. वरच्या भागात रस्ता, पेवाचं तोंड, दोर धरून उभा असलेला हमाल. खाली जमीन कापून दाखवल्यासारखं पेव, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट रांजणासारखं फुगलेलं. कडेनं लावलेलं पाचटसुद्धा काढलंय. आणि दोराच्या टोकाला कंदील! पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा, ज्योत टिकली तर माणूस उतरणार, विझली तर थांबायचं. कोंडलेल्या हवेनं जीव जातो. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या चित्रकाराला घरबसल्या सुचायची नाही.

मी विचारलं, "खोली किती ते का नाही लिहिलं?"

"काका, हरिपुरात चार जणांना विचारलं, चौघांनी चार मापं सांगितली. मग म्हटलं नकोच."

हे मला आवडलं. खोटं माप ठोकून देण्यापेक्षा बरं. एकच खटकतं, पिवळा रंग भडक झालाय. तो दळलेल्या हळदीचा रंग आहे, हळकुंडाचा नव्हे. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, मालाची माती झाली आणि त्यानंतर हळद गोदामांत, कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा पेपरात पेवांची आठवण निघाली, पण नातवाला दाखवायचं काय? आता हे दाखवतो.

दुसरं घेण्यासारखं जुन्या स्टेशनाचं. मिरजेहून येणारी मीटरगेज गाडी सांगलीत येऊन संपायची, पुढं रूळच नव्हते. १९७१ ला ब्रॉडगेज आली, स्टेशन गावाबाहेर गेलं आणि इथं नुसता स्टेशन चौक उरला. बाहेरगावचा पाहुणा स्टेशन चौकात उतरून "स्टेशन कुठाय?" विचारतो, ते अजून चालू आहे. चित्रात इंजिनापेक्षा टांग्यांना जास्त जागा दिलीय, ते योग्यच.

आता दरबार हॉलचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांसमोर 'सीतास्वयंवर' केलं, तो प्रसंग. विषय असा, की सांगलीकराचा हात आपोआप खिशाकडं जावा. पण पोरांनी मागं महालाचा रंगवलेला पडदा सोडलाय, वर मखमली झालर लावलीय. अहो, हा थाट नंतरच्या नाटक कंपन्यांचा! भाव्यांच्या खेळात सूत्रधार गायचा, विदूषक यायचा, गणपती-सरस्वती यायच्या, आणि बाकी महाल प्रेक्षकांनी मनातच उभा करायचा. दर पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिन करणाऱ्या गावात ही चूक चालायची नाही. सांगितलं मी. पुढच्या छपाईत झालर काढतो, पोरगा म्हणाला. काढली की घेईन.

वाड्याचं चित्र तर कॅलेंडरच आहे. तुळशीवृंदावन, नथ घातलेली बाई, दारात बैलगाडी. खाली नुसतं 'गावभागातील वाडा'. (गावभाग म्हणजे सांगलीची जुनी वस्ती.) कुणाचा? कुठल्या बोळातला? गावभागातला माणूस दिंडी दरवाजा बघून घराणं सांगतो, त्याला असलं मोघम विकू नका.

आणि आयर्विन पूल. १९२९ पासून उभा आहे आणि आजही पावसाळ्यात अख्खं गाव पुलाशी किती फूट पाणी झालं ते विचारत असतं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, २०१९ च्या महापुरात सत्तावन्नच्या वर. चित्रात कृष्णा निळीशार, मावळता सूर्य, एक होडी. फुटांच्या खुणा मात्र गायब! मग तो कुठलाही पूल झाला.

फ्रेम त्यांच्याकडून करू नका, काच चमकते आणि चित्र काचेला चिकटवूनच बसवतात. दमट हवेत कागद काचेला धरतो. मी हरभट रोडला मध्ये माउंट घालून करून घेतली, साडेसहाशे एकाला. फ्रेमवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, "घर तळमजल्यावर का?" हो म्हटल्यावर म्हणाला, "मग एकोणीसच्या पुराच्या खुणेच्या वर खिळा मारा."

बाहेरगावी मागवणार असाल तर चित्र पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून येतं, पोस्टाचे ऐंशी रुपये वेगळे. आल्या आल्या उलगडून दोन दिवस जड वह्यांखाली दाबून ठेवा, नाहीतर कडा वळतात. पुढच्या संचात वखारभाग घ्या असं त्यांना सुचवलंय. तिथल्या वखारींची मापं मात्र मी तोंडपाठ सांगू शकतो.